रीसेट चिप निवडण्याआधी आकडे मांडा: व्होल्टेज सुपरवायझर बोर्डावर बसवण्याची पद्धत

३.३ व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर शून्य व्होल्टला बंद असतो आणि ३.३ला नीट चालतो. घोटाळा होतो तो मधल्या पट्ट्यात. सप्लाय दोन व्होल्टच्या आसपास घुटमळत असताना ऑसिलेटर चालू असतो, प्रोग्रॅम काउंटर पुढे सरकत असतो, पण फ्लॅशमधून उचललेली सूचना बरोबरच असेल याची हमी उरलेली नसते. अशा अवस्थेत प्रोग्रॅमने ईईप्रॉम (वीज गेली तरी आकडे जपणारी मेमरी) लिहिणाऱ्या रूटीनमध्ये उडी मारली, तर कॅलिब्रेशनचे आकडे जातात. नंतर बोर्ड तपासायला घेतला की सप्लाय ठीक, सोल्डरिंग ठीक, प्रोग्रॅमही ठीक. बिघाड सापडत नाही, कारण तो वीज जाताना काही मिलिसेकंद घडून गेलेला असतो.

हा पट्टा बंद करण्याचं काम व्होल्टेज सुपरवायझर चिप करते. आत एक बँडगॅप संदर्भ (तापमान बदललं तरी जवळपास स्थिर राहणारं व्होल्टेज), एक कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा) आणि एक टायमर. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की ती रीसेटची लाइन ओढून धरते, म्हणजे कंट्रोलर थांबवून ठेवते, आणि व्होल्टेज वर आल्यावरही ठरावीक वेळ सोडत नाही. तीन पायांची, तांदळाच्या दाण्याएवढी चिप. ती बसवणं सोपं आहे. कोणती बसवायची हे ठरवताना मात्र बहुतेक जण डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा एक आकडा बघतात आणि पुढे जातात. तो आकडा एका पट्ट्याचा मध्य असतो: चिप प्रत्यक्षात त्याच्या थोडं वर किंवा खाली रीसेट करू शकते. हा लेख मुख्यतः त्या पट्ट्याच्या दोन टोकांबद्दल आहे.

आधी दोन सवयींचा निकाल लावू

पहिली सवय म्हणजे रीसेट पिनवर १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याचा कालस्थिरांक भरतो एक मिलिसेकंद. सप्लाय एका झटक्यात चढला तर हे जमून जातं. पण मोठ्या फिल्टर कपॅसिटरमुळे सप्लाय ५० मिलिसेकंद घेत सावकाश चढत असेल, तर रीसेट पिनही त्याच्या मागोमाग, जेमतेम एक मिलिसेकंद मागे राहून चढते. म्हणजे रीसेट धरलाच जात नाही. आणि सप्लाय ३.३ वरून २.२ला येऊन परत वर गेला, तर? कपॅसिटर लवकर रिकामा व्हावा म्हणून डायोड लावला असला तरी पिन सप्लायपेक्षा डायोडच्या ०.६ व्होल्टने वरच राहते. ती खाली येण्याचा प्रश्नच नाही. वीज जाताना हे सर्किट काहीही राखत नाही.

दुसरी सवय अधिक फसवी: मायक्रोकंट्रोलरमधला ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज कमी पडलं की रीसेट करणारा आतला भाग) चालू आहे, म्हणून निश्चिंत राहणं. एटीमेगा३२८पी घ्या. त्याच्या ब्राउनआउटच्या तीन पातळ्या आहेत: १.८, २.७ आणि ४.३ व्होल्ट. हाच कंट्रोलर २.७ व्होल्टला १० मेगाहर्ट्झपर्यंत आणि ४.५ व्होल्टला २० मेगाहर्ट्झपर्यंत चालण्याची हमी डेटाशीट देतं, मधला भाग सरळ रेषेत. मग १६ मेगाहर्ट्झला किमान किती हवेत? २.७ + ०.६ × १.८, म्हणजे सुमारे ३.७८ व्होल्ट. तरीही १६ मेगाहर्ट्झच्या कितीतरी बोर्डांवर ब्राउनआउट २.७ला ठेवलेला असतो. ३.७८ ते २.७ हा एक व्होल्टहून मोठा पट्टा उघडाच. आतला डिटेक्टर वाईट नाही. पातळी योग्य असेल आणि बोर्डावर राखण्यासारखं दुसरं काही नसेल तर तो पुरतो, वेगळी चिप लावायची गरज नाही. पण शेजारी फ्लॅश मेमरी, एसडी कार्ड किंवा दुसरा प्रोसेसर असेल, तर त्यांची किमान पातळी कंट्रोलरच्या डिटेक्टरला माहीत नसते.

पायरी १: छत आणि तळ शोधा

कागदावर दोन आकडे हवेत.

पहिला, सगळं सुरळीत असताना सप्लाय जास्तीत जास्त किती खाली येऊ शकतो. याला छत म्हणू, कारण सुपरवायझरचा पट्टा याच्या खालीच राहायला हवा. नाहीतर काहीही बिघडलेलं नसताना बोर्ड रीसेट होत राहील.

दुसरा, त्या सप्लायवर बसलेल्या सगळ्या चिपांच्या किमान व्होल्टेजपैकी सर्वांत मोठा आकडा. हा तळ. पट्टा याच्या वर हवा.

उदाहरण. ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, अचूकता ±२ टक्के. खालचं टोक ३.२३४ व्होल्ट. रेडिओ मॉड्यूल किंवा मोटर ड्रायव्हर चालू होताना ट्रॅकवर आणि रेग्युलेटरमध्ये मिळून ५० मिलिव्होल्ट पडतात असं धरू. छत झालं ३.१८ व्होल्ट. आता चिपा: कंट्रोलरला किमान २.०, एसपीआय फ्लॅशला २.७, एसडी कार्डला २.७. तळ २.७०. पट्टा बसवायला जागा मिळाली ४८० मिलिव्होल्टची.

छत काढताना रेग्युलेटरच्या डेटाशीटमधला २५ अंश सेल्सिअसचा आकडा घेऊ नका. संपूर्ण तापमानाचा आणि संपूर्ण भाराचा आकडा घ्या. तो वेगळ्या रकान्यात, बहुधा ठळक अक्षरांत असतो.

पायरी २: पातळीचा पट्टा त्या जागेत बसवून पाहा

मॅक्स८०९ ही या कामातली सर्वांत ओळखीची चिप. अनेक उत्पादक तिच्या जुळ्या बनवतात. नावापुढचं अक्षर पातळी सांगतं: एल म्हणजे ४.६३, एम ४.३८, जे ४.००, टी ३.०८, एस २.९३, आर २.६३ व्होल्ट. पण हे झाले मध्यबिंदू. उणे ४० ते ८५ अंशांत टीचा पट्टा ३.०० ते ३.१५ असतो, एसचा २.८५ ते ३.००, आणि आरचा साधारण २.५५ ते २.७०.

आता आपल्या २.७० ते ३.१८च्या जागेत बसवा. आर बाद, तो जवळपास अख्खा तळाच्या खाली आहे: रीसेट येईपर्यंत फ्लॅश हमीबाहेर गेलेली असेल. टी बसतो, पण छतापासून फक्त ३० मिलिव्होल्टवर. एस खालून १५० आणि वरून १८० मिलिव्होल्ट सोडून ऐन मध्यात बसतो. एस घ्यायचा. "३.३ व्होल्टला टी" हा जो सरसकट सल्ला दिला जातो, तो रेग्युलेटर चांगला असेल तरच चालतो. रेग्युलेटर ±५ टक्क्यांचा असेल तर त्याचं खालचं टोक ३.१३५ आणि टीचं वरचं ३.१५. दोन्ही टोकं एकाच बोर्डावर भेटणं दुर्मीळ, पण हजार बोर्ड बनवलेत तर दोन-चार जागी भेटतीलच, आणि ते बोर्ड "कधीकधी आपोआप रीसेट होतात" या तक्रारीसह परत येतील.

५ व्होल्टचं आणखी एक उदाहरण, कारण इथे हमखास चूक होते. यूएसबीवर चालणारा, १६ मेगाहर्ट्झचा एटीमेगा३२८पी. तळ ३.७८. छत? यूएसबी २.०च्या नियमांनुसार लो-पॉवर पोर्टवर व्होल्टेज ४.४०पर्यंत उतरलेलं चालतं. ५ व्होल्ट म्हणून सवयीने एल (४.५० ते ४.७५) लावला तर हबमागे जोडलेला बोर्ड सुरूच होणार नाही. एमचं वरचं टोक ४.५०, तोही बाद. इथे जे लागतो, त्याचा पट्टा साधारण ३.८९ ते ४.१०. चार व्होल्टचा रीसेट पाच व्होल्टच्या सर्किटला "ढिला" वाटतो, पण आकडे त्याच्याच बाजूने आहेत.

आणि पट्टा जागेत मावतच नसेल तर? मग उपाय सुपरवायझरमध्ये नसतो. रेग्युलेटर अधिक अचूक घ्या, किंवा तळ उंचावणारी ती एक चिप बदला, किंवा घड्याळाचा वेग कमी करा.

पायरी ३: बाहेरच्या रेझिस्टरने पातळी ठरवायची असेल तर

तयार पातळी जुळत नसेल, तेव्हा समायोज्य चिप घ्यावी लागते. टीपीएस३८०८च्या जी०१ प्रकारात आतला संदर्भ ०.४०५ व्होल्टचा आहे. पातळी = ०.४०५ × (१ + वरचा रेझिस्टर ÷ खालचा रेझिस्टर). १२ व्होल्टच्या सप्लायवर वरचा २५५ किलोओहम आणि खालचा १० किलोओहम घेतला तर पातळी १०.७३ व्होल्ट.

रेझिस्टरची चूक यात किती भर घालते? ढोबळ सूत्र: २ × रेझिस्टरची टक्केवारी × (१ − संदर्भ ÷ पातळी). एक टक्क्याच्या रेझिस्टरना वरच्या उदाहरणात ±१.९ टक्के, म्हणजे ±०.२ व्होल्ट. १२ व्होल्टला हे खपून जातं. १.२ व्होल्टच्या प्रोसेसर कोअरला खपत नाही. बघा: कोअरला ±५ टक्के चालतं, तळ १.१४. रेग्युलेटर ±१.५ टक्के, छत १.१८२. जागा उरली ४२ मिलिव्होल्ट, म्हणजे मध्यापासून ±१.८ टक्के. सुपरवायझर स्वतः ±१.५ टक्के आणि एक टक्क्याच्या रेझिस्टरची भर ±१.३. बेरीज २.८. मावत नाही. ०.१ टक्क्याचे रेझिस्टर घेतले की भर ०.१३वर येते आणि एकूण १.६३ कसंबसं मावतं, तेही भाराचे झटके हिशेबात न धरता. कोअरच्या सप्लायला ठरीव पातळीची, आतच ट्रिम केलेली चिप घ्यावी असं माझं मत याच हिशेबावरून झालं आहे.

या दोन रेझिस्टरच्या विभाजकातून जाणारा प्रवाह सेन्स पिनच्या (चिप जिथे व्होल्टेज मोजते ती) गळतीच्या किमान शंभरपट ठेवा. मेगाओहमचे रेझिस्टर घालून बॅटरी वाचवण्याचा मोह आवरा: दमट हवेत बोर्डावर राहिलेला फ्लक्ससुद्धा मग तिसरा रेझिस्टर बनतो.

पायरी ४: रीसेट किती वेळ धरायचा

मॅक्स८०९ व्होल्टेज सावरल्यानंतर किमान १४०, सहसा २४० आणि कमाल ५६० मिलिसेकंद रीसेट धरून ठेवते. इथेही पट्टा, आणि तो चौपट रुंद आहे. एवढ्या वेळात क्रिस्टल स्थिरावतो, बाकीचे रेग्युलेटर वर येतात. बहुतेक बोर्डांना चालतं.

अडतं ते दोन ठिकाणी. एक, जिथे नियमाने किमान वेळ ठरलेला आहे. पीसीआय एक्सप्रेसमध्ये सप्लाय स्थिरावल्यापासून किमान १०० मिलिसेकंद रीसेट धरावा लागतो. तिथे १४०चा किमान आकडा पुरतो. दोन, जिथे समोरचं यंत्र अमुक वेळात उत्तर मागतं, तिथे ५६०चा कमाल आकडा महागात पडतो.

वेळ आपल्याला ठरवायची असेल तर टीपीएस३८०८ला एक कपॅसिटर लागतो: नॅनोफॅरडमधला आकडा भागिले १७५, अधिक अर्धा मिलिसेकंद, इतके सेकंद. १०० मिलिसेकंदांना १७.४ नॅनोफॅरड येतात. बाजारात १८ मिळेल, पण कपॅसिटर दहा टक्के कमी भरू शकतो आणि चिपच्या वेळेलाही स्वतःचा पट्टा आहे. २२ घेतला की १२६ मिलिसेकंद होतात आणि निदान कपॅसिटरची चूक झाकली जाते. हा कपॅसिटर फक्त २२० नॅनोअँपिअरने भरतो, त्यामुळे इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही: त्याची गळतीच याहून जास्त असू शकते. सिरॅमिक, एक्स७आर, आणि पिनच्या अगदी शेजारी.

पायरी ५: आउटपुटचा प्रकार

यावर थोडं थांबायला हवं, कारण पातळी बरोबर निवडूनही बोर्ड इथे अडतात.

पुश-पुल आउटपुट लाइन वरही ढकलतं आणि खालीही ओढतं. ओपन-ड्रेन फक्त खाली ओढतं, वर न्यायला पुल-अप रेझिस्टर लागतो. रीसेटच्या लाइनवर एकट्या सुपरवायझरचा हक्क असेल तरच पुश-पुल घ्या. एसटीएम३२ घराण्यात रीसेट पिन दुतर्फा आहे: आतल्या वॉचडॉगने (प्रोग्रॅम अडकला की रीसेट करणाऱ्या टायमरने) रीसेट केलं की कंट्रोलर स्वतः ती पिन खाली ओढतो. समोर पुश-पुल सुपरवायझर ती वर ढकलत असला तर दोघांची रस्सीखेच होते. प्रोग्रॅमर, डीबगर, रीसेटचं बटण, दुसऱ्या बोर्डाकडून येणारी लाइन, यातलं काहीही त्या तारेवर असेल तर ओपन-ड्रेन. मॅक्स८०९चं ओपन-ड्रेन भावंड मॅक्स८०३.

पुश-पुलच हाताशी असेल तर सुपरवायझर आणि कंट्रोलरच्या मध्ये एक किलोओहम घाला आणि प्रोग्रॅमर कंट्रोलरच्या बाजूला जोडा. एव्हीआर घराण्याच्या (एटीमेगा३२८पी त्यातलाच) हाय-व्होल्टेज प्रोग्रॅमिंगमध्ये रीसेट पिनवर १२ व्होल्ट येतात, तेव्हा मात्र हा रेझिस्टर पुरेसा नाही. जंपर काढून सुपरवायझर वेगळाच करावा लागतो.

पुल-अप कोणत्या सप्लायला? ज्याच्यावर लक्ष ठेवलं जातंय त्यालाच. सुपरवायझर ३.३वर आणि पुल-अप आधी चढणाऱ्या ५ व्होल्टवर असेल, तर सुपरवायझरला जाग येण्याआधीच रीसेटची लाइन वर गेलेली असते. सुमारे एक व्होल्टच्या खाली या चिपांचं आउटपुट काय असेल याची हमी नसते. पुश-पुल, शून्यावर सक्रिय असलेल्या आउटपुटला जमिनीकडे १०० किलोओहम लावला की तो शेवटचा व्होल्टही झाकला जातो. ओपन-ड्रेनला ही युक्ती चालत नाही, पुल-अपशी भांडण होतं.

ध्रुवता तपासा. ८०५१ला रीसेट उंच पातळीवर लागतो, त्यासाठी मॅक्स८१०. ती आणि मॅक्स८०९ दिसायला एकसारख्या, पायांचा क्रमही तोच, आउटपुट उलटं. चुकून अदलाबदल झाली तर कंट्रोलर कायम रीसेटमध्ये राहतो, आणि माणूस दोन तास क्रिस्टलवर संशय घेत बसतो. उलट प्रकारही आहे: तेच तीन पायांचं पॅकेज, तीच पातळी, पण पायांचा क्रम वेगळा. पर्यायी चिप मागवताना फक्त पातळी जुळवून थांबू नका.

पायरी ६: झटके आणि हिस्टेरेसिस

सप्लायवरचा प्रत्येक खड्डा रीसेट करण्याच्या लायकीचा नसतो. मॅक्स८०९सारख्या चिपा पातळीखाली १०० मिलिव्होल्ट जाणारा, पण २० मायक्रोसेकंदांच्या आत सावरणारा खड्डा सहसा सोडून देतात. खड्डा जितका खोल, तितका कमी वेळ माफ. डेटाशीटमध्ये याचा एक आलेख असतो, तो पाहावा. चिपच्या सप्लाय पिनला ०.१ मायक्रोफॅरड लावा. १० मायक्रोफॅरड आणि मध्ये रेझिस्टर असं "जास्त सुरक्षित" गाळण लावू नका: खरी वीज जाईल तेव्हा सुपरवायझरला ती उशिरा कळेल.

बॅटरीवरच्या यंत्रात हिस्टेरेसिस, म्हणजे रीसेट पडण्याच्या आणि सुटण्याच्या पातळ्यांमधलं अंतर, हा कळीचा मुद्दा. समजा लिथियम-आयन सेल आणि तारा मिळून ०.२५ ओहम, भार ४०० मिलिअँपिअर. भार चालू असताना ०.१ व्होल्ट आत जिरतात. पातळी ३.०० आणि हिस्टेरेसिस ३० मिलिव्होल्ट असेल तर काय होतं? सेल ३.०० ला येतो, रीसेट, भार सुटतो, सेल ३.१०ला उसळतो, रीसेट सुटतो, भार परत, ३.००, रीसेट. बॅटरी पूर्ण मरेपर्यंत हे चालू राहतं. हिस्टेरेसिस १०० मिलिव्होल्टपेक्षा मोठा हवाच. सेल भार सुटल्यावर मिनिटभर हळूहळू आणखी वर येत राहतो, तेव्हा २०० ते ३०० मिलिव्होल्ट ठेवणं शहाणपणाचं.

नाण्याच्या सेलवर चिपचा स्वतःचा प्रवाहही मोजा. सीआर२०३२मध्ये साधारण २२५ मिलिअँपिअर-तास असतात. १७ मायक्रोअँपिअर खाणारी मॅक्स८०९ एकटीच तो दीड वर्षात संपवेल. टीपीएस३८३९सारख्या १५० नॅनोअँपिअरच्या चिपा याच कामासाठी आहेत.

पायरी ७: वीज जाण्याची आगाऊ सूचना

रीसेट आला म्हणजे सगळं थांबलं. त्याआधी काही जपून ठेवायचं असेल तर रेग्युलेटरच्या आधीच्या व्होल्टेजवर दुसरा कंपॅरेटर हवा. मॅक्स७०५ आणि मॅक्स७०६मध्ये तो आयता मिळतो, संदर्भ १.२५ व्होल्टचा.

हिशेब असा. इनपुट ९ व्होल्ट, ५ व्होल्टचा जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर, त्याला किमान ७ व्होल्ट लागतात. विभाजक ५३.६ किलोओहम आणि १० किलोओहम: सूचना ७.९५ व्होल्टला. इनपुट कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड, भार १०० मिलिअँपिअर. वेळ = कपॅसिटर × व्होल्टेजमधला फरक ÷ प्रवाह = ०.००१ × ०.९५ ÷ ०.१ = ९.५ मिलिसेकंद.

एटीमेगा३२८पीच्या ईईप्रॉमला एक बाइट लिहायला सुमारे ३.४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे दोन बाइट. आपण बत्तीस बाइटची सेटिंग्ज वाचवण्याच्या विचारात असतो, आणि हातात दोन बाइटचा वेळ असतो.

कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा केला तर सुमारे ४५ मिलिसेकंद मिळतात, तेरा बाइट. दुसरा रस्ता स्वस्त आहे: सूचना येताच आधी बॅकलाइट, रिले, रेडिओ बंद करा. भार १०० वरून २० मिलिअँपिअरवर आला की तोच १००० मायक्रोफॅरड ४७ मिलिसेकंद टिकतो. इंटरप्टमधलं पहिलं काम लिहिणं हे नसून भार उतरवणं हे असायला हवं. तिसरा रस्ता एफरॅमचा, म्हणजे वीज गेली तरी आकडे जपणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मेमरीचा: ती बसच्या वेगाने लिहिते, वाट पाहावी लागत नाही, मग हा सगळा प्रश्नच लहान होतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नवा असतानाच २० टक्के कमी भरू शकतो आणि वयानुसार आणखी सुकतो, तेव्हा मिळालेल्या वेळेच्या निम्म्यातच काम आटोपेल असं पाहा.

पायरी ८: वॉचडॉग असलेली चिप घ्यायची का

व्होल्टेज ठीक असूनही प्रोग्रॅम अडकू शकतो, म्हणून अनेक सुपरवायझरांत वॉचडॉगही असतो. ठरावीक वेळात पिनवर पल्स आला नाही की रीसेट. मॅक्स७०५ला हा वेळ १.६ सेकंद लिहिलेला आहे, पण पट्टा १.० ते २.२५. म्हणून पल्स एका सेकंदाच्या बराच आत द्यायचा. शिवाय या चिपेत वॉचडॉगचं आउटपुट वेगळ्या पिनवर येतं. ते मॅन्युअल रीसेटच्या पिनला जोडलं नाही तर रीसेट होतच नाही, आणि वॉचडॉग आहे या समजुतीवर यंत्र विकलं जातं.

पल्स टायमर इंटरप्टमधून देऊ नका. मुख्य लूप गोठलेला असतानाही इंटरप्ट चालू राहतो. प्रत्येक कामाने आपापला झेंडा वर करावा, मुख्य लूपने सगळे झेंडे वर आहेत हे बघून पल्स द्यावा आणि झेंडे खाली करावेत.

एक आडबाजूचा धोका. मॅक्स७०५ची वॉचडॉग इनपुट पिन मोकळी सोडली की वॉचडॉग बंद होतो. कंट्रोलर सुरू होत असताना त्याच्या पिना मोकळ्याच असतात, त्यामुळे ही सोय वाटते. पण भरकटलेल्या प्रोग्रॅमने नेमकी तीच पिन इनपुट करून टाकली, तर ज्या प्रसंगासाठी वॉचडॉग लावला त्याच प्रसंगी तो गप्प बसतो. माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या यंत्रात ही पिन मोकळी पडली तरी बंद न होणारा, शक्यतो विंडो वॉचडॉग घ्या, जो फार लवकर आलेल्या पल्सवरही रीसेट करतो.

फर्मवेअर बदलताना मोठा फ्लॅश सेक्टर पुसायला एक-दोन सेकंद लागू शकतात आणि तेवढा वेळ कंट्रोलर थांबून राहू शकतो. १.६ सेकंदांचा वॉचडॉग ऐन अर्ध्यावर रीसेट करेल. हा विचार सर्किट काढतानाच करावा.

पायरी ९: अनेक सप्लाय

यात फारसं गूढ नाही. प्रत्येक सप्लायचा छत-तळ वेगळा काढा, ओपन-ड्रेन आउटपुटं एकाच तारेवर बांधा, एकच पुल-अप. चढण्याचा क्रम हवा असेल तर पहिल्या रेग्युलेटरची पॉवर-गुड पिन (व्होल्टेज नीट आलं हे सांगणारी) दुसऱ्याच्या इनेबलला (त्याला चालू करणाऱ्या पिनला) जोडणं बहुतेक वेळा पुरतं. व्होल्टेज वर जाण्याचीही भीती असेल तर दोन्ही टोकांवर नजर ठेवणारी विंडो चिप, उदाहरणार्थ टीपीएस३७००.

पायरी १०: बोर्डावर मांडणी आणि तपासणी

सुपरवायझर कंट्रोलरच्या सप्लाय पिनजवळ ठेवा, रेग्युलेटरजवळ नव्हे. राखायचं व्होल्टेज तिथलं आहे. रीसेटचा ट्रॅक रिले आणि मोटरच्या ट्रॅकपासून दूर.

मग तपासणी. ऑसिलोस्कोपची एक वाहिनी कंट्रोलरच्या सप्लाय पिनवर, दुसरी रीसेटवर.

सप्लाय १० मिलिव्होल्टच्या पावलांनी खाली आणा, रीसेट कुठे पडतो ते टिपा. तसंच वर न्या, कुठे सुटतो ते टिपा. दोन्हींमधला फरक म्हणजे खरा हिस्टेरेसिस.

शून्यापासून पूर्ण व्होल्टेजपर्यंत पाच सेकंद घेत सप्लाय चढवा. शून्य ते एक व्होल्टमध्ये रीसेटच्या लाइनवर उंचवटा दिसतो का ते बघा. पुल-अप चुकीच्या सप्लायला असेल तर तो इथेच पकडला जातो.

एका मॉस्फेटने जड भार क्षणभर जोडून सप्लायला खड्डे पाडा: १० मायक्रोसेकंद, १०० मायक्रोसेकंद, एक मिलिसेकंद. ऑसिलोस्कोप रीसेटच्या उतरत्या कडेवर एकदाच ट्रिगर होईल असा लावा. प्रोबची लांब ग्राउंड तार काढून छोटी स्प्रिंग लावा, नाहीतर दिसणारे अर्धे खड्डे तारेचेच असतात.

हे सगळं बोर्ड गरम करून आणि गार करून पुन्हा करा, कारण पट्ट्याची टोकं तिथेच भेटतात.

प्रोग्रॅममध्ये सुरुवातीलाच रीसेटचं कारण सांगणारा रजिस्टर वाचून साठवा. एव्हीआरमध्ये तो एमसीयूएसआर, एसटीएम३२ मालिकेत बहुधा आरसीसी_सीएसआर. पण बाहेरच्या सुपरवायझरने केलेला रीसेट कंट्रोलरला नुसता "पिनवरून आला" एवढाच दिसतो. व्होल्टेज पडलं की वॉचडॉग चावला, हे त्यातून कळत नाही. वॉचडॉग बाहेरचा असेल तर पल्स देण्याआधी रॅमच्या न पुसल्या जाणाऱ्या भागात चालू कामाचा क्रमांक लिहीत जा. सुरू झाल्यावर तो भाग शाबूत असेल तर सप्लाय फार पडला नव्हता असं धरून आधी प्रोग्रॅमकडे बघा. त्यात कचरा असेल तर आधी सप्लायकडे.